एका सुईची रंगीत तालीम

मुलांनो, जरा अशी कल्पना करा की तुम्ही एका उंच खुर्चीवर बसला आहात. खुर्ची इतकी उंच की पाय जमिनीला टेकत नाहीत, नुसते लोंबकळतात. खुर्चीचा एक हात चांगला रुंद आहे, त्यावर रबरी चादर घातली आहे आणि तिच्यावर तुमचा हात उताणा ठेवला आहे. समोर पांढऱ्या फरश्यांची भिंत. हवेत स्पिरिटचा वास. आणि तुमच्या शेजारी उभा आहे तुम्हाला इथे घेऊन आलेला मोठा माणूस. तो तुमच्याकडे बघून हसतो आहे, पण ते हसू त्याच्या तोंडावर नीट बसलेलं नाही. दुसऱ्याचा सदरा अंगात घातल्यासारखं सैल आहे. बाहेर थंडी आहे आणि त्याच्या कपाळावर घाम आहे.

आता सांगा, तुम्ही काय कराल? मोठ्याने सांगायची गरज नाही. मनात ठरवा आणि पुढे ऐका.

खुर्चीवर बसलेली मुलगी म्हणजे ठकी. पहिलीतली, पुढचे दोन दात पडलेली. शेजारचा घामाघूम माणूस म्हणजे तिचे बाबा. त्यांना सगळे शिट्टीसाहेब म्हणत, कारण त्यांच्या गळ्यात कायम एक शिट्टी असे. त्यांचं कामच तसं होतं. मोठमोठ्या कचेऱ्यांमध्ये जाऊन, आग लागली तर काय करायचं याची तालीम ते घेत. शिट्टी वाजली की हातातलं काम सोडा, लिफ्टकडे फिरकू नका, जिन्याने उतरा, फाटकाशी रांगेत उभे राहा. मोठाले साहेब लोक त्यांच्या शिट्टीवर मुकाट जिना उतरत. स्वतःच्या इमारतीतल्या बिऱ्हाडांनाही त्यांनी इतकं तयार केलं होतं की एक लांब शिट्टी झाली की गॅसवरचं दूध उतू जायच्या आत सगळी इमारत फाटकाशी हजर. असा हा माणूस. धुरात शिरणारा, गच्चीवरून दोरीने उतरणारा. तो कशाला घाबरत नाही, असं सगळे म्हणत, आणि तोही ते खोडून काढत नसे.

तर झालं असं की ठकी हल्ली लवकर दमायची. जिना चढताना मध्येच पायरीवर बसायची. डोळ्यांखाली फिकट दिसायची. डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि एक चिठ्ठी लिहिली: रक्त तपासून आणा. लॅब डॉक्टरांच्याच इस्पितळात, तळमजल्यावर. आई आणि बाबा दोघंही ठकीला घेऊन खाली गेले. ठकी पायऱ्यांवरून उड्या मारत गेली. रक्त तपासतात म्हणजे काय करतात हे तिला ठाऊक होतं. वर्गातल्या एका मुलीने तिला सगळं रंगवून सांगितलं होतं आणि दंडावरची पट्टीही दाखवली होती. ठकीला तशी पट्टी हवीच होती.

"घाबरू नकोस हं," बाकावर बसल्या बसल्या बाबा म्हणाले.

"कशाला?"

"कशालाच नाही. घाबरण्यासारखं काही नाहीच इथे."

"मी नाहीच घाबरत."

"शाब्बास. अजिबात घाबरायचं नाही."

ठकी विचारात पडली. फुगेवाल्याकडे नेताना बाबा कधी घाबरू नकोस म्हणाले नव्हते. शाळेच्या बसमध्ये चढवताना म्हणाले नव्हते. आजवर एकदाच म्हणाले होते, साखळी तुटलेला तो काळा कुत्रा गल्लीत सुटला होता तेव्हा. त्या कुत्र्याची ठकीला चांगली आठवण होती. तिने बाकाखाली वाकून पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. काय झालं विचारलं तर आई म्हणाली, कचरा गेलाय. दोन्ही डोळ्यांत एकदम. बाबांनी ठकीचा हात हातात घेतला होता आणि ते तो इतका घट्ट दाबत होते की रक्त बहुधा तिथूनच निघालं असतं.

मग पाळी आली. रक्त घेणाऱ्या ताईंनी कापसाने दंड पुसला, सुईवरचं टोपण काढलं. ठकीने सुईकडे पाहिलंच नाही. तिने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, जे समजायचं ते समजली, आणि अशी किंकाळी फोडली की बाहेरच्या बाकावर डुलक्या घेणारे गृहस्थ आपला नंबर आला असं समजून आत आले. ठकी खुर्चीवरून सटकली आणि टेबलाखाली शिरली. तिला काढायला शिट्टीसाहेब शिरले. ठकी दुसऱ्या बाजूने निघाली, साहेब निघेनात. जळत्या खोल्यांमधून माणसं बाहेर काढणारा हा माणूस लॅबच्या टेबलाखाली खांद्यात अडकला, आणि त्याला दोन पेशंटांनी पाय धरून ओढून काढलं. कपड्यांची धूळ झटकताना त्यांनी कोणाच्याही नजरेला नजर दिली नाही.

ताई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, असं होतं कधीकधी, पुढच्या वेळी दोन माणसं बोलावू, धरून घेऊ, मिनिटाचं काम. वर गेल्यावर डॉक्टर म्हणाले, रक्त पाहिल्याशिवाय मी औषध देणार नाही आणि तुम्हीही उगाच लांबवू नका.

घरी जाताना ठकीने विचारलं, "बाबा, धरून घेऊ म्हणजे कसं?"

शिट्टीसाहेबांनी तिला उचलून कडेवर घेतलं. लहानपणी त्यांना तसं धरलं होतं. चार मोठी माणसं, चार हातपाय. पुढचं आयुष्यभर त्यांनी सुईला अंगाजवळ येऊ दिलं नव्हतं. कचेरीत आरोग्य तपासणीचं पथक आलं की नेमकी त्याच दिवशी त्यांची कुठे ना कुठे तालीम निघायची. हे कोणालाही ठाऊक नव्हतं. ठकीच्या आईलासुद्धा नाही. पण त्या संध्याकाळी त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं: ठकीचं रक्त द्यायचं, लवकर द्यायचं, आणि तिला कोणी धरायचं नाही.

ठकीच्या आईने मात्र सरळ हात वर केले. ती म्हणाली, "अहो, मी येत नाही. मी आले की मला रडू येतं, आणि मला रडू आलं की तिला येतं. तुमचं बरं आहे, तुम्हाला कशाचीच भीती नाही. तुम्हीच न्या तिला."

वर्षानुवर्षं जमवलेली कीर्ती अशी एखाद्या वेळी अंगावर येते.

शिट्टीसाहेबांचा एकच सिद्धांत होता. माणूस घाबरतो, कारण त्याने सराव केलेला नसतो. तेव्हा सराव. दुसऱ्याच दिवशी घराची लॅब झाली. बाहेरची खोली म्हणजे बाक, मधला बोळ म्हणजे रांग, स्वयंपाकघरातलं उंच स्टूल म्हणजे ती खुर्ची. पायरीपायरीने सगळं ठरलं आणि प्रत्येक पायरीला एक छोटी शिट्टी. पहिली शिट्टी, बसा. दुसरी, हात पुढे. तिसरी, कापूस. चौथीला बॉलपेन दंडाला टेकवायचं.

सुरुवात बाहुलीपासून झाली. बाहुलीने उत्तम सहकार्य दिलं. मग उशीचं रक्त घेतलं, छत्रीचं घेतलं, आईचं घेतलं. ठकी इतकी रंगली की दारावर आलेल्या पेपरवाल्यालाही तिने स्टुलावर बसवला आणि तो बिचारा बसलाही. सगळं झकास चाललं होतं. मग ठकी म्हणाली, आता बाबा. साहेब स्टुलावर बसले. पहिली शिट्टी त्यांची त्यांनीच वाजवली, दुसरीही वाजवली. ठकी बॉलपेन घेऊन पुढे आली आणि साहेबांचा हात आपोआप मागे गेला.

"हात का मागे घेतलास?"

"गुदगुल्या झाल्या."

"मी अजून लावलंच नाही."

त्यांनी हात पुढे केला. तो पुन्हा मागे गेला. ठकी काही बोलली नाही. ती एकदा पेनाकडे आणि एकदा बाबांकडे बघत राहिली. मुलं काही बोलली नाहीत म्हणून त्यांना काही दिसलं नाही असं समजू नये. मोठ्या माणसांची ही फार जुनी चूक आहे.

एवढ्यात समोरच्या दारातल्या काकू आल्या. शिट्ट्या ऐकून त्यांना राहवलं नव्हतं. स्वेटर विणता विणताच त्या उठून आल्या होत्या. सगळा प्रकार समजून घेतल्यावर त्यांनी मान हलवली. पेनाने कसला सराव होणार, त्यांनी विचारलं. पोहायला शिकायचं तर बादलीत पाय बुडवून भागतं का? आणि त्यांनी अर्धवट विणलेल्या बाहीतून लोकरीची एक सुई उपसून काढली. लांब, पोलादी, खिडकीतल्या उजेडात चमकणारी. "हं, करा हात पुढे," काकू म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

शिट्टीसाहेबांच्या तोंडात त्या वेळी चौथ्या पायरीची शिट्टी होती. ती वाजवायची होती छोटीच. पण ती चमकणारी सुई दंडाच्या दिशेने येताना पाहून त्यांच्या छातीत साठलेला सगळा श्वास एकदम बाहेर पडला, आणि तो शिट्टीतून पडला. लांब. खूप लांब.

मग वरच्या मजल्यावर दारं उघडल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं.

इमारतीने त्या दिवशी साहेबांच्या शिकवणीचं चीज केलं. कोणी लिफ्टकडे फिरकलं नाही. कोणी सामान घेत बसलं नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त वकील एका गालाची दाढी झालेली आणि दुसऱ्यावर साबणाचा फेस, अशा स्थितीत उतरले आणि रांगेत पहिले उभे राहिले. साहेब धावत खाली गेले तर सगळे शिस्तीत उभे, आणि सगळ्यांच्या माना वर, धूर शोधत.

"आग कुठे आहे?" वकिलांनी विचारलं.

साहेब काहीतरी सबब जुळवू लागले. ठकी मात्र खरं बोलणारी मुलगी होती. तिने मागून येणाऱ्या काकूंकडे बोट दाखवलं. "आग नाही. सुई आहे."

सगळ्या इमारतीने काकूंच्या हातातल्या सुईकडे पाहिलं. आणि ठकीने सगळ्या इमारतीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांसमोर म्हातारेकोतारे, अंघोळ अर्धवट टाकून आलेले, चपला न घालता आलेले, सगळे एका सुईमुळे घर सोडून रस्त्यावर आले होते. शंकेला जी थोडी जागा उरली होती ती आता उरली नाही.

जमलेच आहेत म्हटल्यावर लोक सल्ला दिल्याशिवाय थोडेच परत जाणार? वकील म्हणाले, अशा प्रकरणात घाई करू नये, पुढची तारीख मागून घ्यावी. त्यांनी स्वतः एका दाढेच्या बाबतीत अशा तारखा घेत घेत शेवटी ती दाढ आपोआप पडू दिली होती. काकू म्हणाल्या, सांगायचंच कशाला, बागेत नेतो म्हणायचं आणि न्यायचं. ठकी शेजारीच उभी राहून हे ऐकत होती, त्यामुळे तो बेत तिथल्या तिथेच बारगळला. मग कोणीतरी म्हणालं, पोरीला काहीतरी कबूल करा, मोठं काहीतरी. हे साहेबांना पटलं. त्यांनी तिथेच सगळ्यांच्या देखत ठकीला सायकल कबूल केली.

ठकी आनंदाने उडी मारेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. ती बोटं मोजू लागली. तिच्या डोक्यात हिशेब चालला होता. केस कापले की बिस्कीट मिळायचं. कडू औषध प्यायलं की फुगा. दात पडला तेव्हा चेंडू मिळाला होता, आणि दात काही परत आला नव्हता. मग सायकलीला काय?

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हात परत देतात ना?"

त्या रात्री साहेबांना जेवण गेलं नाही. ठकीच्या आईने विचारलं, तयारी कशी चालली आहे. ते म्हणाले, उत्तम.

ठरलेल्या सकाळी बापलेक उपाशीपोटी लॅबमध्ये पोहोचले. ठकीला उपाशी राहा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबांना कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांच्या घशाखाली काही उतरलंच नव्हतं. खिडकीवरच्या माणसाने चिठ्ठी पाहिली आणि परत सरकवली. चिठ्ठीवर नुसतं ठकी लिहिलं होतं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी नाव विचारलं तेव्हा भांबावलेल्या साहेबांच्या तोंडून ठकी एवढंच निघालं होतं. खिडकीवाला म्हणाला, कॉम्प्युटर टोपणनाव घेत नाही. साहेब म्हणाले, ही ठकीच आहे, कोणालाही विचारा. खिडकीवाल्याने कोणालाही विचारलं नाही. ठकी म्हणाली, "मग ठकीचं रक्त नका घेऊ, त्या दुसऱ्या नावाच्या मुलीचं घ्या." यावर रांगेतले लोक हसले. साहेबांना हसू आलं नाही. ते तिचा हात धरून वर गेले. डॉक्टर वॉर्डात होते. त्यांची मदतनीस नाव लिहायला तयार होती, पण शिक्का कपाटात, आणि कपाटाची किल्ली डॉक्टरांच्या खिशात. साहेबांनी वॉर्डाच्या दारात तळ ठोकला. डॉक्टर आले, नाव लागलं, शिक्का बसला. खाली आले तर खिडकीवर पाटी: थोड्या वेळात येतो.

दुसरा कोणी असता तर ही परत फिरायची खूण समजला असता. खरं सांगायचं तर साहेबांच्या पायांनी दाराकडे दोन पावलं टाकलीही. पण ठकी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. नुसतं वर जाऊन खाली आली होती, आणि भिंतीला डोकं टेकून धापा टाकत होती. साहेब पाटीसमोर जाऊन उभे राहिले आणि माणूस येईपर्यंत तिथून हलले नाहीत.

पाळी आली. आणि दाराशी येताच ठकीने चौकट पकडली. दोन्ही हातांनी, एक पायही भिंतीला लावून. साहेबांनी समजावलं. घाबरू नकोस म्हणाले, काही होत नाही म्हणाले, मुंगी चावल्यासारखंही वाटत नाही म्हणाले, सायकल म्हणाले. प्रत्येक वाक्याला ठकीची पकड आणखी घट्ट होत गेली. शेवटी ताईंनी सुस्कारा सोडला आणि आतल्या दोन माणसांना हाक मारली. ती आली. भली माणसं होती, बाह्या दुमडत आली, आणि एकाने ठकीच्या काखेत हात घालायला हात पुढे केला.

"थांबा," शिट्टीसाहेब म्हणाले.

ते इतक्या मोठ्याने म्हणाले की सगळे थांबले. ठकीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. एकटक पाहिलं. आणि तेव्हा साहेबांना आठवलं की तालमीच्या सुरुवातीला, प्रत्येक कचेरीत, ते एक वाक्य बोलतात: धुरात कोणी पाट्या वाचत नाही, सगळे पुढच्या माणसाच्या तोंडाकडे बघतात. हे वाक्य इतक्यांदा बोलून झालं होतं की आपण ते स्वतः कधी ऐकलंच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. इथे ठकीच्या पुढे कोण होतं? आणि त्याचं तोंड कसं होतं?

भिंतीवर हात धुवायच्या बेसिनवर आरसा होता. साहेबांनी त्यात पाहिलं. असं तोंड घेऊन कोणी त्यांच्यापुढे चालत असतं तर तेसुद्धा पळाले असते.

"आधी माझं रक्त घ्या," ते म्हणाले.

ताई म्हणाल्या, घेते की, पण चिठ्ठी लागेल. साहेबांनी वाद घातला नाही. ठकीला पाठुंगळीला घेतलं आणि पुन्हा जिना चढले. डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला काय होतंय? काही नाही, साहेब म्हणाले. मग काय तपासू? काहीही तपासा. काहीही अशी तपासणी नसते, डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्याकडे जरा निरखून पाहून साखर लिहिली. नाव मात्र या वेळी साहेबांनी पूर्ण सांगितलं. खिडकीवाल्यानेही या खेपेला काही काढलं नाही. या माणसाशी आज बोलण्यात अर्थ नाही हे त्याला समजलं असावं.

साहेब उंच खुर्चीवर बसले. त्यांचे पाय जमिनीला टेकत होते, पण दाराकडे वळलेले होते. ठकी समोर उभी राहिली. दारात रांगेतले लोक माना काढून बघत होते. बाह्या दुमडलेली ती दोन माणसंही थांबली होती.

"बाबा, तुला भीती वाटते?"

नाही, हा शब्द साहेबांच्या ओठांवर तयारच होता. आयुष्यभर तो तिथे तयार असायचा. दाराशी उभ्या असलेल्यांत एकजण त्यांच्याकडून तालीम घेतलेल्या कचेरीतला होता. तो आदराने बघत होता.

"हो," शिट्टीसाहेब म्हणाले.

"किती?"

"खूप. पोटात गोळा आलाय. हात गार पडलेत, लावून बघ."

ठकीने हात लावून पाहिला. गार होता. तिने हात काढून घेतला नाही.

"मग तू घाबरू नकोस का म्हणत होतास?"

"मी मलाच म्हणत होतो बहुतेक."

"मग आता पळणार?"

"नाही. पळायचं मनात आहे, पण बसणार आहे."

"का?"

"तुझं औषध सुरू व्हायला हवं म्हणून. आणि तुला कोणी धरावं असं मला वाटत नाही म्हणून."

ठकीने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तोंड तसंच होतं, पांढरं फटक आणि घामेजलेलं. पण बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच तोंड आणि बोलणं यांचा मेळ बसत होता. तिने खांदे जरा खाली सोडले.

ताईंनी सुई टोचली. साहेबांनी डोळे गच्च मिटले आणि एक विचित्र आवाज काढला, दाराची बिजागरी वाजावी तसा. ठकीने विचारलं, दुखलं का. ते म्हणाले, हो, दुखलं, चिमटा काढल्यासारखं. थोड्या वेळाने म्हणाले, आता कमी झालं. आणखी थोड्या वेळाने म्हणाले, आता नाही दुखत, मात्र छत जरा फिरतंय. मग त्या दोन भल्या माणसांना शेवटी काम मिळालं. त्यांनी साहेबांना उचललं, बाहेरच्या बाकावर आडवं केलं आणि त्यांचे पाय खिडकीवाल्याच्या खुर्चीवर ठेवले. सगळी रांग आळीपाळीने वाकून त्यांना बघून गेली. त्या कचेरीतल्या गृहस्थाने रुमालाने वारा घातला. याहून मोठी अप्रतिष्ठा साहेबांना कल्पनेतही सुचली नसती, आणि नवल म्हणजे तिचं त्यांना काहीच वाटेना. त्यांचे कान आत लागले होते.

आत ठकी एकटीच उरली होती. साहेबांनी उठायचा प्रयत्न केला तर ती दारात आली आणि म्हणाली, "तू पडून राहा. मी बघते." आणि दार लोटून घेतलं.

दारापलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी तिला वर चढायला हात दिला असावा. मग ठकीचा आवाज, ताईंना काहीतरी विचारत होती. बराच वेळ विचारत होती. मग रडणं. हो, ठकी रडली, मी तुम्हाला खोटं कशाला सांगू? चांगली मोठ्याने रडली. साहेब बाकाच्या कडा धरून ऐकत राहिले. पण धडपड ऐकू आली नाही, खुर्ची पडली नाही, ताईंनी कोणाला हाक मारली नाही. नंतर ताईंनी सांगितलं की ती रडत होती ती तोंडाने. हात तिने जागचा हलवला नाही.

तपासणीचं म्हणाल तर फार काही निघालं नाही. रक्तात लोह कमी होतं, औषध सुरू झालं, आणि ठकी थोड्याच दिवसांत जिना एका दमात चढू लागली. साहेबांची साखर व्यवस्थित होती. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी दार उघडलं आणि ठकी बाहेर आली तेव्हा तिचे गाल अजून ओले होते आणि हात पुढे ताठ धरला होता, कारण त्यावर पट्टी होती.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला आता एक बाई येऊन बसली होती. तिच्या मांडीवर एक छोटी मुलगी, ठकीहूनही लहान. बाई तिला घट्ट आवळून धरत होती आणि पुन्हा पुन्हा सांगत होती, घाबरायचं नाही हं सोनू, काही करत नाहीत, काही म्हणजे काही नाही. बाईचा आवाज कापत होता. मुलगी टकामका तिच्या तोंडाकडे बघत होती आणि तिचा खालचा ओठ हळूहळू पुढे येत होता.

ठकी थांबली. तिने बाईकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग बाबांचे पाय खिडकीवाल्याच्या खुर्चीवरून खाली उतरवले, त्यांना उठवून बाकावर सरकवलं आणि शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा केली.

"काकू," ती म्हणाली, "भीती वाटत असेल तर तुम्ही इथे माझ्या बाबांजवळ बसा. त्यांनापण वाटते." आणि तिने पट्टीचा हात जपून त्या छोटीसमोर धरला. "तू माझ्याबरोबर चल. दुखतं थोडं. मग थांबतं. मी दाखवते कुठे बसायचं ते."